ज्ञानकोशकार केतकर

वऱ्हाडची काळी माती कापसासाठी प्रसिद्ध आहे. इ. स. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग अकोला व बडनेरा या गावांवरून नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस दूरदेशी जाऊ लागला. अमरावती व अकोला येथील बाजारांत कापसाच्या गाड्यांची रीघ लागे. तो कापूस मुंबईस जाई, तेथून जहाजांत भरून इंग्लंडातील गिरण्यांकडे रवाना होई, आणि त्याचेच कापड होऊन पुन्हा आपल्या देशात विकावयास येई. माल आपला, पण त्याचे वस्त्र विणण्याची विद्या मात्र परक्यांची, अशी तेव्हाची स्थिती होती.

ज्ञानाच्या बाबतीतही असेच घडत होते. नवी शास्त्रे, नवे शोध, जगाचा इतिहास व भूगोल या सर्वांचे ग्रंथ इंग्रजीत होते. ज्याला इंग्रजी येई, त्याच्यापुढे जगाचे भांडार खुले होई. ज्याला केवळ मराठी येई, तो कितीही बुद्धिमान असला तरी त्याला दाराबाहेरच उभे राहावे लागे. हे दार आपल्या भाषेत उघडावे, म्हणून एका पुरुषाने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. महाराष्ट्र त्यांना ज्ञानकोशकार केतकर म्हणून ओळखतो.

श्रीधरपंतांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण मात्र वऱ्हाडात, अमरावतीस झाले. त्या काळी अमरावती ही वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र होती. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन याच नगरीत भरले. शंकरन् नायर हे अध्यक्ष होते व अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे स्वागताध्यक्ष होते. तेव्हा श्रीधर तेरा वर्षांचा होता. देशाच्या भवितव्याची चर्चा वऱ्हाडच्या भूमीवर झाली, परंतु त्या काळच्या राष्ट्रीय सभेचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चाले. ज्या शेतकऱ्यांच्या हिताचा विचार तेथे होई, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती भाषा समजत असे.

पुढे श्रीधरपंत मुंबईस विल्सन कॉलेजात शिकले. १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क संस्थानातील इथाका या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथे त्यांनी समाजशास्त्राचा व राज्यशास्त्राचा अभ्यास केला. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९११ मध्ये विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली.

याच सुमारास, १९१० व १९११ या दोन वर्षांत, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या इंग्रजी ज्ञानकोशाची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचे एकूण २९ खंड होते. जगातील कोणताही विषय घ्यावा, त्याचे नाव वर्णानुक्रमाने शोधावे, आणि त्या विषयातील जाणत्या माणसाने लिहिलेली माहिती वाचावी, अशी त्या ग्रंथाची सोय होती. अशा ग्रंथाचे मोल केतकरांनी ओळखले. इंग्रजीत जे आहे ते मराठीत का नसावे, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

अमेरिकेतून ते लंडनला गेले आणि १९१२ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी अकोल्यास मराठी साहित्य संमेलन भरले होते व कादंबरीकार हरि नारायण आपटे त्याचे अध्यक्ष होते. मराठीत कथा, कादंबऱ्या, नाटके व कविता बहरत होत्या. उणीव होती ती शास्त्रांच्या व माहितीच्या ग्रंथांची. केतकरांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. तेथे राहिले असते तर मानाचे व सुखाचे जीवन त्यांना लाभले असते. परंतु त्यांनी तो मार्ग सोडला आणि मराठी ज्ञानकोशाचे कार्य हाती घेतले.

शब्दकोश व ज्ञानकोश यांत भेद आहे. शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो. ज्ञानकोश त्या शब्दामागील वस्तूची, घटनेची किंवा व्यक्तीची माहिती देतो. कापूस म्हणजे काय, हे शब्दकोशात एका ओळीत आढळेल. कापूस कोठे पिकतो, त्याच्या जाती किती, त्याचा व्यापार कसा चालतो, हे सांगण्यास ज्ञानकोशाची कित्येक पाने लागतील. अशा ग्रंथासाठी पहिली गरज असते ती द्रव्याची. केतकरांपाशी द्रव्य नव्हते. त्यांच्यामागे कोणी राजा नव्हता की सरकार नव्हते. म्हणून त्यांनी लोकांकडेच जाण्याचे ठरविले. १९१६ च्या सुमारास नागपूर येथे त्यांनी एक मंडळी स्थापन केली, तिचे भाग विकले, आणि ग्रंथ तयार होण्यापूर्वीच त्याचे वर्गणीदार मिळविण्यासाठी ते गावोगाव हिंडले. जो ग्रंथ अद्याप लिहिलाच गेला नाही, त्यासाठी लोकांनी आगाऊ पैसे द्यावे, असे सांगणे सोपे नव्हते. पुष्कळांना ही कल्पना वेडेपणाची वाटली. पण मराठी माणसे पुढे आली आणि कार्यास आरंभ झाला. पुढे ज्ञानकोशाचे कार्यालय पुण्यास हलविण्यात आले.

द्रव्याहून अधिक कठीण अशी दुसरी एक अडचण होती. ती शब्दांची. ज्या गोष्टीविषयी मराठीत कोणी कधी लिहिलेच नव्हते, ती गोष्ट सांगावयाची कोणत्या शब्दांत? इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवावा, तर मराठी वाचकाला तो कळणार नाही. नवा शब्द घडवावा, तर तो अर्थाला नेमका बसला पाहिजे. ही अडचण किती मोठी होती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

रिफ्लेक्स हा एक इंग्रजी शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. मागे वाकणे किंवा मागे वळणे, असा त्या मुळाचा अर्थ. शब्द एकच, परंतु निरनिराळ्या शास्त्रांत त्याची कामे निराळी.

प्रथम शरीराचे शास्त्र घ्यावे. चुलीवरील तापलेल्या तव्याला चुकून बोट लागले, तर हात एकदम मागे येतो. हात मागे घ्यावा, असा विचार करण्यास अवधीच नसतो. बोटाच्या त्वचेतील संवेदना मज्जातंतूंच्या मार्गाने पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूकडे जाते, आणि तेथूनच स्नायूंना आज्ञा मिळते. मेंदूला ती वार्ता मागाहून पोहोचते. म्हणून हात आधी मागे येतो व चटक्याची वेदना नंतर जाणवते. डोळ्याजवळ काही आले की पापणी मिटते, प्रखर प्रकाशात डोळ्यातील बाहुली लहान होते, गुडघ्याच्या वाटीखाली हळूच ठोकले की पाय उडतो. हे सर्व त्याच प्रकारचे व्यापार होत. अशा व्यापाराला इंग्रजीत रिफ्लेक्स म्हणतात. १९०६ साली, म्हणजे केतकर अमेरिकेस गेले त्याच वर्षी, शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने मज्जासंस्थेच्या या कार्यावर आपला प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. रशियात पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग केले. अन्न देण्यापूर्वी ठरावीक खूण वारंवार केली, तर पुढे केवळ त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते, असे त्याने दाखविले. जन्मतः नसलेला रिफ्लेक्स सवयीने जडतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

आता प्रकाशाचे शास्त्र घ्यावे. आरशावर पडलेला किरण मागे फिरतो. या मागे फिरण्याच्या इंग्रजी नावातही तेच लॅटिन मूळ आहे. ज्या छायाचित्रयंत्रात आरसा बसविलेला असतो व त्या आरशात दिसणारे दृश्य पाहून छायाचित्र घेतात, त्या यंत्राच्या नावातही रिफ्लेक्स हा शब्द येतो. भूमितीत १८० अंशांहून मोठा व ३६० अंशांहून लहान असा जो कोन, त्यालाही इंग्रजीत हेच विशेषण लावतात. व्याकरणात कर्त्याने केलेली क्रिया कर्त्याकडेच परत येते, तेव्हाही याच शब्दाचे एक रूप वापरतात.

आता या सर्व ठिकाणी मराठीत एकच शब्द योजला तर काय होईल? कोन, किरण, सर्वनाम आणि तव्यावरून मागे आलेला हात यांचा गोंधळ उडेल. म्हणून मराठीने प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द स्वीकारला. शरीराच्या त्या तात्काळ व्यापाराला प्रतिक्षिप्त क्रिया हे नाव मिळाले. क्षिप् या संस्कृत धातूचा अर्थ फेकणे असा आहे. संक्षिप्त, प्रक्षेपण हे शब्द त्याच धातूपासून झाले आहेत. प्रति म्हणजे उलट. उलट फेकली गेलेली ती प्रतिक्षिप्त. संवेदना आत येते आणि क्रियेच्या रूपाने उलट बाहेर फेकली जाते, हा अर्थ त्या शब्दात नेमका उतरला आहे. किरणाच्या मागे फिरण्याला परावर्तन म्हणतात. त्या कोनाला प्रविशाल कोन म्हणतात. मुलाने स्वतःला सावरले, या वाक्यातील स्वतः या शब्दाला आत्मवाचक सर्वनाम म्हणतात. इंग्रजीत या सर्व नावांमागे एकच मूळ आहे. मराठीत चार निरनिराळ्या संज्ञा आल्या, आणि प्रत्येक संज्ञा आपापला अर्थ स्पष्ट बोलून दाखविते.

ही चार नावे कोणा एकाने एका दिवसात दिली नाहीत. शिक्षक, ग्रंथकार, कोशकार व शास्त्रज्ञ अशा अनेकांच्या श्रमातून, काही जुन्या ग्रंथांतून व काही नव्याने, अशी परिभाषा घडत आली आहे. आता विचार करावा की, एका शब्दापायी एवढा विचार करावा लागतो, तर जगातील सर्व शास्त्रांतील हजारो शब्दांसाठी किती करावा लागला असेल! पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, ज्योतिष, अर्थशास्त्र, कायदा या सर्वांचे विषय ज्ञानकोशात यावयाचे होते. प्रत्येक विषयात पावलोपावली असे शब्द अडवीत. मूळ कल्पना आधी नीट समजून घ्यावी, मग तिला शोभेल असा शब्द निवडावा, आणि मग वाक्य लिहावे, अशा रीतीने हे काम करावे लागे. शब्दाचे केवळ भाषांतर करून भागत नसे. अर्थ कळल्यावाचून शब्द सापडत नाही, आणि शब्द सापडल्यावाचून अर्थ दुसऱ्यास सांगता येत नाही, हा अनुभव कोशाच्या कार्यात नित्य येतो.

केतकरांनी या कामासाठी विद्वान व होतकरू तरुण यांचा एक संघ जमविला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे त्यांपैकी दोघे. ज्ञानकोशाचे कार्यालय हीच या तरुणांची पाठशाळा झाली. ज्ञानकोशाच्या छपाईसाठी स्वतःचा छापखाना उभारण्यात आला.

१९२० साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. केतकरांनी वर्णानुक्रमाने येणाऱ्या खंडांच्या आधी प्रस्तावनेचे पाच खंड रचले. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास हे त्यांचे विषय. सुटी माहिती वाचण्यापूर्वी वाचकाच्या मनात जगाचे एक अखंड चित्र उभे राहावे व त्या चित्रात आपले स्थान कोठे आहे हे त्याला कळावे, असा त्यांचा हेतू होता. विज्ञानेतिहास या पाचव्या खंडात निरनिराळ्या शास्त्रांची वाढ कशी झाली, ते मराठीत सांगितले गेले. त्यानंतर अकारापासून पुढचे खंड क्रमाने निघू लागले. सुमारे नऊ वर्षांत एकूण २३ खंड पूर्ण झाले. प्रत्येक खंडाच्या वेळी पैशाची ओढाताण होई, कागदाची व छपाईची चिंता असे, दिलेली मुदत पाळावयाची असे. परंतु वर्गणीदारांना दिलेले वचन केतकरांनी पाळले. आरंभिलेला ग्रंथ त्यांनी अपुरा सोडला नाही.

या कष्टांच्या काळात त्यांना एका असामान्य स्त्रीची साथ लाभली. लंडनमध्ये असताना एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी त्यांचा परिचय झाला होता. १९२० साली त्यांचा विवाह झाला. विवाहापूर्वी व्रात्यस्तोम नावाचा जुना विधी करून त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले आणि त्यांचे नाव शीलवती ठेवण्यात आले. परदेशातून आलेल्या या बाईंनी मराठी भाषा आत्मसात केली व पतीच्या दारिद्र्यात आनंदाने भाग घेतला. त्या स्वतः विदुषी होत्या. विंटरनित्झ या पंडिताने जर्मन भाषेत लिहिलेल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. पुढे त्यांनी मराठीत आपल्या आठवणीही लिहिल्या. भाषेच्या भिंती ओलांडता येतात, याचे उदाहरण केतकरांच्या घरातच होते.

ज्ञानकोश पुरा झाला, पण त्यातून केतकरांना धन मिळाले नाही. मोठे कार्य सिद्धीस नेलेला माणूस प्रपंचाच्या विवंचनेतून सुटला नाही. तथापि त्यांची लेखणी थांबली नाही. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ब्राह्मणकन्या ही त्यांची कादंबरी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. गोंडवनातील प्रियंवदा या कादंबरीच्या नावात त्यांच्या जन्मभूमीकडील प्रदेशाचे स्मरण आहे. समाजातील रूढींचा व नव्या प्रश्नांचा विचार या कादंबऱ्यांतून त्यांनी निर्भयपणे मांडला. त्यांची मते सर्वांनाच रुचत नसत. काही जण त्यांना विक्षिप्त म्हणत. परंतु लोकांना काय रुचेल, याकडे पाहून विचार करण्याची त्यांना सवय नव्हती. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. १९३५ मध्ये प्राचीन महाराष्ट्र हा त्यांचा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते.

केतकर गेले, पण त्यांनी लावलेले रोप वाढत राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दाते व कर्वे यांनी १९३२ पासून १९३८ पर्यंत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग प्रसिद्ध केले. त्यानंतर १९४८ मध्ये त्यांनी शास्त्रीय परिभाषा कोश सिद्ध केला. इंग्रजी शास्त्रीय शब्दाला मराठी शब्द कोणता, हे त्यात पाहावयास मिळू लागले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मराठी विश्वकोशाची योजना आखण्यात आली व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे तिचे प्रमुख संपादक झाले. विश्वकोशाच्या लेखांचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. या वेळी कार्याच्या पाठीशी राज्य सरकार होते. साठ वर्षांपूर्वी केतकरांच्या पाठीशी केवळ त्यांचा निश्चय व वर्गणीदारांचा विश्वास एवढेच बळ होते.

तापलेल्या तव्यावरून हात मागे येतो, तो विचार न करता. निसर्गाने ती सोय प्रत्येकास जन्मतःच दिली आहे. परंतु ही क्रिया कशी घडते, हे समजून घेणे व ते आपल्या भाषेत दुसऱ्यास समजावून देणे, ही गोष्ट आपोआप होत नाही. तिला विचार लागतो, श्रम लागतात, आणि वर्षानुवर्षे एका जागी बसून काम करण्याचे धैर्य लागते. संकट दिसताच मागे सरणे हा शरीराचा स्वभाव आहे. संकट दिसत असूनही केतकर आपल्या कार्यापासून मागे सरले नाहीत.

आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या शाळेतील मुलगा वा मुलगी शास्त्राच्या पुस्तकात प्रतिक्षिप्त क्रिया हे शब्द सहज वाचते. भूमितीच्या तासाला प्रविशाल कोन काढला जातो, आणि व्याकरणाच्या तासाला आत्मवाचक सर्वनाम ओळखले जाते. हे शब्द पूर्वीपासून भाषेत होतेच, असे त्या मुलांना वाटत असेल. पण ज्या वाटेने हे शब्द त्यांच्या पुस्तकापर्यंत आले, ती वाट अनेकांनी खडी फोडून तयार केली आहे. त्या वाटेवर अगदी आरंभी, एकट्याने व रिकाम्या हातांनी निघालेल्या माणसांत वऱ्हाडात वाढलेल्या ज्ञानकोशकार केतकरांचे स्थान फार मोठे आहे.